पांढऱ्या फुलांची शंखपुष्पी : पुरंदरच्या माळावरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

दिवे घाट चढून सासवड मागे टाकलं की पाऊस हात राखून पडायला लागतो. जेजुरीच्या पलीकडे कऱ्हेचा काठ सोडला तर मुरमाड माळ, कुसळी गवत, तरवड, हिवर आणि मेंढरांच्या वाटा. प्रकरण इथल्याच एका गावातलं आहे. गाव, बचत गट आणि खरेदीदार यांची नावं दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

गावातला महिलांचा गट एरवी सीताफळाचा गर काढून विकतो. हंगाम संपला की हाताला काम नसतं, म्हणून अध्यक्षा कायम काहीतरी नवं शोधत असतात. एका पावसाळ्यात त्यांच्याकडे एक खरेदीदार आला. आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्या कारखान्याला तो माल पुरवायचा. त्याला शंखपुष्पी हवी होती, तीही पंचांग, म्हणजे मुळापासून फुलाफळापर्यंत अख्खं झाड, सावलीत वाळवलेलं. मोबाइलवर त्यानं फोटो दाखवला: जमिनीलगत पसरलेल्या केसाळ फांद्या, बारीक पानं, पांढरं फूल. बायका म्हणाल्या, ही तर आमच्या गायरानात पायाखाली असते. किलोचा दर तोंडी ठरला. लिखापढी काही नाही.

गायरान ग्रामपंचायतीचं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, आणि तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत ‘शंखपुष्पी’ अशी एक ओळही आहे. शास्त्रीय नाव नाही, नमुना नाही, शेजारी एक धूसर फोटो. समितीतल्या एका सदस्यानं हट्ट धरला की गायरानातून मुळासकट काही उपटायचं असेल तर आधी ते नक्की काय आहे ते कुणाकडून तरी पक्कं करून घ्या. हा सदस्य गावात जरा वाकडा म्हणूनच ओळखला जातो. या वेळी त्याचा वाकडेपणा कामी आला.

त्याच्याच ओळखीतून निरोप पुण्यात आमच्यापर्यंत आला. आम्ही म्हणजे टेकड्यांवरच्या फुलझाडांच्या नोंदी ठेवणारी चार डोकी. त्यातले एक वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, म्हणजे आमचे सर, एक एमएस्सीची विद्यार्थिनी. संस्था नाही, लेटरहेड नाही.

अडचण

अध्यक्षांनी पाठवलेले सगळे फोटो वरून काढलेले होते. पांढरं, जवळजवळ चपटं, काठाला किंचित पाच कोपरे असलेलं फूल. शेजारी काडेपेटी किंवा नाणं ठेवलेलं नाही, त्यामुळे फूल केवढं आहे ते कळायला मार्ग नाही. ओळख पटवणाऱ्या अॅपनं एकाच झाडाच्या दोन फोटोंना दोन वेगळी नावं दिली. यात अॅपचा फार दोष नाही. शंखपुष्पीच्या कुळातली फुलं समोरून एकमेकांची नक्कल करतात, आणि फोटो काढणारा माणूस फुलाचा नेहमी समोरूनच काढतो.

उमेदवार तीन होते.

पहिली विष्णुक्रांता, इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस. पुणे परिसरातल्या कोरड्या टेकड्यांवर पावसाळा सरायला लागला की ही जागोजागी दिसते. फूल साधारण सहा ते आठ मिलिमीटर, बहुतेक वेळा निळं. पण पांढऱ्या आणि फिक्या फुलांची झाडंही मधूनमधून आढळतात. फूल दोऱ्यासारख्या बारीक, लांब देठावर येतं.

दुसरी कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्रेटस. औषधांच्या बाजारात हिचं जुनं नाव चालतं, कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस, आणि आयुर्वेदिक फार्माकोपियानं, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथानं, शंखपुष्पी म्हणून हीच धरली आहे. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात ती मुबलक. एका जाड बुंध्यातून चहूकडे पसरलेल्या केसाळ फांद्या, पांढरं किंवा फिकट गुलाबी फूल, आकार नरसाळ्याचा. फुलाचा देठ आखूड, कधी जवळजवळ नाहीच.

तिसरी चांदवेल, कॉन्व्हॉल्व्ह्युलस आर्व्हेन्सिस. हे शेतातलं तण. फूल मोठं, दोन-अडीच सेंटिमीटरचं. पानाच्या बुडाशी दोन बाजूंना टोकं निघालेली. हिची गल्लत खरं तर व्हायला नको. पण बांधावरच्या उन्हात, खुरटलेल्या झाडावर, फोटोत मापाचा अंदाज नसताना ती होते.

पहिल्या दोघींची गल्लत जुनी आहे. लिनियसनं १७५३ साली विष्णुक्रांता चक्क कॉन्व्हॉल्व्ह्युलस या प्रजातीत टाकली होती. १७६२ साली त्यानंच तिला बाहेर काढून इव्हॉल्व्ह्युलसमध्ये नेलं. नाव देणाऱ्यालाच घर बदलावं लागलं, तिथे गायरानातल्या बायकांना कोण बोलणार! बाजारात तर दोन्ही शंखपुष्पी म्हणूनच विकल्या जातात, आणि केरळात त्याच नावानं गोकर्णी वापरतात.

म्हणजे ‘ही शंखपुष्पी आहे का?’ या प्रश्नाला हो म्हटलं तरी चालत होतं आणि नाही म्हटलं तरी. नेमका प्रश्न असा होता: खरेदीदाराचा कारखाना ज्या झाडाला शंखपुष्पी म्हणतो, ते या माळावर आहे का? नसेल तर गायरान खरवडून निघणार, माल परत येणार, आणि दोन्हीकडून नुकसान गावाचंच.

त्यात घाई अशी की काही जणींनी उपटायला सुरुवातही केली होती. दोन पोती शाळेच्या पडवीत वाळत पडली होती.

समोरचे पर्याय

फोटोवरून उत्तर देऊन टाकणं सगळ्यात सोपं होतं. सरांचा कल स्पष्ट होता: पुरंदरचा मुरमाड माळ, पसरट बारीक झाड, म्हणजे विष्णुक्रांता. अनुभवी माणसाचा असा अंदाज सहसा खरा ठरतो. आमच्या नोंदवहीपुरता तो पुरलाही असता. पण इथे त्या अंदाजावर सौदा मोडणार किंवा टिकणार होता, आणि प्रोस्ट्रेटस पुरंदरात नसेलच असं घरबसल्या धरून चालणं बरोबर नव्हतं. कोरड्या जमिनीचं झाड कोरड्या जमिनीवर सापडलं तर नवल काय?

दुसरा पर्याय प्रयोगशाळेचा. विद्यार्थिनीनं डीएनए तपासणी सुचवली. खर्च कुणी करायचा हा प्रश्न होताच, पण त्याआधीचा प्रश्न असा की जो फरक दहापट भिंगातून दिसतो त्यासाठी एवढं कशाला?

तिसरा पर्याय वाळवून दाबलेला नमुना जाणकार संस्थेकडे नेण्याचा. पुणेकर या बाबतीत नशीबवान. कोरेगाव पार्कात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे, आणि दोन्हीकडे वनस्पतींचे मोठे संग्रह आहेत. या मार्गाला आमच्यात कुणाचाच विरोध नव्हता. पण एक गोम होती. ओळख पटते ती आपण नेलेल्या नमुन्याची, पोत्याची नव्हे. एक चांगलं झाड निवडून नेलं आणि पोत्यात तीन प्रकारची भरताड असली, तर हातात प्रमाणपत्र असूनही माल खोटाच.

चौथा पर्याय बायकांनाच फरक ओळखायला शिकवण्याचा. वेळखाऊ, पण पोत्याचा प्रश्न फक्त यानंच सुटत होता.

पाचवा, फळं धरेपर्यंत थांबायचं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं हा उत्तम. सीताफळाचा हंगाम तोंडावर आलेल्या गटाच्या दृष्टीनं जवळजवळ अशक्य.

शेवटी चौथा आणि तिसरा एकत्र करायचं ठरलं, आणि पाचव्यातलं जमेल तेवढं. तोवर नवीन काही उपटायचं नाही एवढं समितीनं गटाकडून कबूल करून घेतलं. यावर कुरकुर झाली. दराची लालूच समोर असताना थांबा म्हणणाऱ्याला कुणी चहा पाजत नाही.

काय केलं

पहिला निर्णय वेळेचा. विष्णुक्रांतेचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटायला लागतं. बायका घरचं आवरून अकराच्या पुढे मोकळ्या होतात. त्या वेळी माळावर गेलं तर निम्मी फुलं मिटलेली. त्यामुळे भाकरी बांधून आठलाच निघायचं ठरलं. ही बाब फुटकळ वाटेल, पण या कुळाची कित्येक चुकीची नावं दुपारच्या फोटोंमुळेच पडलेली असतात.

सरांनी सुरुवात मुद्दाम चांदवेलीपासून केली. बाजरीच्या बांधावरून तिची मोठी फुलं आणली, कारण हात बसायला मोठं फूल बरं. कृती अशी: पुष्पकोश, म्हणजे फुलाच्या बुडाची हिरवी वाटी, दोन बोटांत धरायचा आणि पाकळ्यांचं पांढरं नरसाळं अलगद वर ओढायचं. नरसाळं अख्खं निघून येतं. पुंकेसर त्यालाच आतून चिकटलेले असतात, तेही सोबत निघतात. पुष्पकोशात मागे उरतो तो फक्त बीजकोश आणि त्यावर उभी कुक्षिवृंत, म्हणजे एक बारीक दांडी. चांदवेलीत ही दांडी एकच असते आणि टोकाला दोन बोटं फुटतात. भिंगाशिवायही दिसतं.

मग माळावरच्या बारक्या पांढऱ्या फुलाची पाळी. बोटांना ते नीट सापडेना, पहिली काही फुलं चुरगळूनच गेली. एका तरुण सुनेनं ओढणीची टाचणी काढून त्या टाचणीनं पाकळी उचलली आणि काम सोपं झालं. भिंगाखाली बीजकोशावर एक दांडी नव्हती, बुडापासूनच दोन होत्या, आणि प्रत्येकीला वर दोन फाटे. म्हणजे चार तंतू. तंतू पांढरेच, फूलही पांढरं, म्हणून मागे काळ्या छत्रीचं कापड धरलं तेव्हा सगळ्यांना दिसले. चार तंतू म्हणजे इव्हॉल्व्ह्युलस. कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्ये, मग ती चांदवेल असो की प्रोस्ट्रेटस, दांडी एक आणि टोकं दोन.

एका आजींनी भिंगाला हातच लावला नाही. त्यांची परीक्षा वेगळी होती. “ही काय कशाला येढं घालत न्हाई, भुईलाच पसरती. बांधावरली ती ताटाला येढं घालती. आन कितीबी खुरपा, पुन्हा येतीच.” दोन्ही गोष्टी बरोबर. विष्णुक्रांता पीळ घालून चढत नाही, आणि चांदवेलीची मुळं खोल जाऊन पुन्हा फुटतात, म्हणून खुरपून ती हटत नाही. सरांनी आजींची परीक्षा वहीत लिहून घेतली, पण तिची मर्यादाही तिथेच सांगितली: यानं चांदवेल वेगळी पडते, प्रोस्ट्रेटस नाही. तीही भुईलाच पसरते.

दुसरा निर्णय, किती झाडं पाहायची. एका झाडावरून माळाचं नाव ठरत नाही. पांढऱ्या फुलांचा एक पट्टा जुन्या खाणीच्या खालच्या उताराला होता, बाकी माळ निळा. पांढरी ही वेगळी जात असेल का, हा खरा संशय इथेच होता. बायकांनी उताराच्या वेगवेगळ्या टोकांवरून फुलं आणली आणि रांगेनं बसून पाकळ्या ओढल्या. पांढऱ्यात चार तंतू, निळ्यातही चार. देठ दोन्हीकडे दोऱ्यासारखे बारीक. रंग सोडला तर फरक नाही.

मग आणखी एक घोळ निघाला. पायवाटेवर तुडवलेली झाडं चपटी, पानं गोलसर. गवतात वाढलेली मात्र उभी, पानं अरुंद, जणू वेगळंच झाड. बायका त्यांना ‘बारकी’ आणि ‘उभी’ अशा दोन जाती मानत होत्या. विष्णुक्रांता हे फार बदलतं झाड आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही तिचे कितीतरी उपप्रकार पाडून ठेवले आहेत. फुलाच्या बुडाशी दोघी एकच निघाल्या.

नमुने चार प्रकारचे दाबले: निळा, पांढरा, पायवाटेवरचा, गवतातला. प्रत्येकासोबत मूळ, फूल आणि मिळालं तिथे कोवळं फळ. चिठ्ठीवर फुलाचा रंग त्याच क्षणी लिहिला, कारण वर्तमानपत्रात दाबलं की निळा रंग उडतो आणि पुढच्या माणसाला सगळीच फुलं पांढरट दिसतात.

तिसरा निर्णय पुण्यात परतल्यावर झाला. बाजारातली शंखपुष्पी आणून बघायची. रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून पुडी आणली. वाळका पालापाचोळाच तो, पण त्यात फुलं असतात. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून फूल भिजत ठेवलं की ते पुन्हा उलगडतं. विद्यार्थिनीनं दोन सुयांनी ते उकललं. एक दांडी, दोन टोकं. पुष्पकोशाची दलं अरुंद, टोकदार, केसाळ, नरसाळ्याच्या बाहेरच्या अंगाला पट्ट्यापट्ट्यांनी केस, देठ नसल्यासारखाच. ही प्रोस्ट्रेटस. माळावरच्या झाडाशेजारी ठेवल्यावर गल्लत होण्यासारखं काही राहिलंच नाही.

पुढच्या खेपेला पोती निवडली. शाळेच्या पडवीत गोणपाट पसरून माल ओतला. बराचसा विष्णुक्रांता. चांदवेलीचे वेटोळे थोडे. गवत. आणि एक अनपेक्षित पाहुणी, इंडिगोफेरा लिनिफोलिया: तीही भुईसरपट, बारीक रेषेसारख्या पानांची, चंदेरी लवेची. ओली असताना तिची लाल फुलं लगेच ओळखू येतात. वाळल्यावर फुलं गळून पडतात आणि उरलेली फांदी विष्णुक्रांतेच्या घोळक्यात खपून जाते. तिच्या शेंगा मात्र गोल, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या, चंदेरी, आत एकच बी. विष्णुक्रांतेचं फळ म्हणजे छोटी गोल बोंडी, वाळली की चार फाका होतात, आत बहुधा चार बिया. एकदा हे दाखवल्यावर बायका आमच्यापेक्षा झपाट्यानं निवडायला लागल्या. तांदूळ निवडणारे हात ते.

दाबलेले नमुने पुण्यातल्या एका वनस्पतिसंग्रहात नेऊन जुन्या नमुन्यांशी ताडून घेतले. नाव तेच निघालं.

निकाल

समितीला लेखी कळवलं: गायरानातलं निळ्या आणि पांढऱ्या फुलांचं झाड इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस, पाहिलेल्या भागात कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्रेटस आढळली नाही, बांधावरची वेल कॉन्व्हॉल्व्ह्युलस आर्व्हेन्सिस. ‘पाहिलेल्या भागात’ हे शब्द सरांनी आग्रहानं घातले. खाणीपलीकडचा माळ कुणी पाहिला नव्हता.

अध्यक्षांनी खरेदीदाराला फोन केला. त्याचं उत्तर सरळ होतं: तीही चालेल, दर थोडा कमी, पावतीवर शंखपुष्पीच लिहा. हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण, आणि त्यात आमचा आवाज नव्हता. गटाच्या बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, बाजारात सगळेच तसं विकतात, आपण काय विष विकतोय का? त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं, विष्णुक्रांताही औषधात वापरतातच. दुसरा म्हणे, आता नाव कळल्यावर दुसरं लिहायचं तर सही कुणी करायची? सही अध्यक्षांची होती. त्यांनी पावतीवर विष्णुक्रांता लिहिण्याची अट घातली. खरेदीदारानं पुन्हा फोन उचलला नाही.

“फुलाच्या बुडाला दोन दोरे का चार, यावरनं आमचा सौदा गेला,” हे वाक्य गटात अजूनही ऐकू येतं. ते थट्टेनं म्हणतात की रागानं, हे कोण म्हणतंय त्यावर अवलंबून.

निवडलेला माल पुढे एका वैद्यांनी विष्णुक्रांता म्हणूनच घेतला. पैसे फार मिळाले नाहीत. गायरानातून मुळासकट उपटणं थांबलं, ही समितीच्या दृष्टीनं जमेची बाजू. गटाच्या दृष्टीनं तो हंगाम रिकामा गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी भरून निघत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम बदलायला हवा होता. रविवार पेठेतली पुडी अर्ध्या तासाचं काम. ती सगळ्यांत आधी आणली असती तर खरेदीदाराला काय हवं आहे ते माळावर जाण्यापूर्वीच हातात असतं. आणि त्याहीआधी, त्याच्याकडून मालाचं शास्त्रीय नाव आणि थोडासा नमुना लेखी मागून घ्यायला हवा होता. फोटो दाखवून सौदा करणाऱ्याला नाव लिहून द्या म्हटलं की तो कितपत गंभीर आहे तेही कळतं. हे गटानं पुढच्या एका सौद्यात, हिरड्याच्या बाबतीत, स्वतःहून केलं.

फोटो कसे काढायचे हे पहिल्याच फोनवर सांगता आलं असतं. आता आम्ही अशी विचारणा आली की चार फोटो मागतो: फूल समोरून, शेजारी नाणं ठेवून; तेच फूल मागून, देठ आणि पुष्पकोश दिसेल असं; पाकळ्या ओढून काढल्यावर उरलेला भाग, मागे काळं कापड धरून; आणि फळ. यातला तिसरा फोटो आला तर निम्म्या वेळा गाडी काढावी लागत नाही. ही पद्धत वनस्पतींच्या दुसऱ्या गटांनाही चालते, फक्त पाहायचा अवयव बदलतो. माळावरच्या चिकण्याच्या, म्हणजे सिडाच्या, पिवळ्या फुलांवर डोळे फोडून उपयोग नाही, तिथे फळाच्या फाकांना कुसळं आहेत का आणि किती लांब हे बघावं लागतं. शेवऱ्याच्या, अॅलिसिकार्पसच्या, जाती शेंगेला मण्यांसारख्या खाचा आहेत की नाहीत यावर पडतात. कोरड्या जमिनीवरची फुलं लहान, घाईत उमलून मिटणारी. ओळखीचा भरवसा फळावर ठेवलेला बरा.

एका मुद्द्यावर आमच्यातच मतभेद आहे. विद्यार्थिनीचं म्हणणं, नाव कळवताना बाजारातल्या दोन्ही झाडांचा वापर कसा होतो तेही पत्रात लिहायला हवं होतं, म्हणजे गटाला सौद्यात बोलायला बळ मिळालं असतं. सरांना ते पटत नाही. आपलं काम नावापुरतं, असं ते म्हणतात. मला विद्यार्थिनीचं पटतं. ज्यांच्या रोजीवर नावाचा परिणाम होणार आहे, त्यांना नाव देऊन बाजूला होणं थोडं सोयीचं वाटतं.

नोंदवहीतली ओळ बदलली आहे. ‘शंखपुष्पी’च्या जागी आता विष्णुक्रांता, शास्त्रीय नावासकट, निळी आणि पांढरी दोन्ही फुलं असा शेरा, आणि दाबलेल्या नमुन्याचा क्रमांक. धूसर फोटो काढून टाकला. चांदवेलीची वेगळी ओळ झाली, तिच्यापुढे ‘येढं घालते, खुरपून जात नाही’ असं आजींच्या शब्दांत लिहिलं आहे.

अध्यक्षांनी राजस्थानातून प्रोस्ट्रेटसचं बी मागवलं. ते गायरानात टाकायचं नाही, यावर समिती आणि गट दोघांचंही एकमत झालं: एकदा दोन्ही झाडं एकाच माळावर मिसळली की पोतं निवडणं जन्मात जमायचं नाही, आणि बाहेरून आणलेलं झाड सार्वजनिक माळावर सोडायचा अधिकार गटाला नाहीच. एका सभासदाच्या विहिरीजवळच्या तुकड्यात वाफे केले आहेत. उगवण विरळ झाली आहे. बी जुनं असावं असं सरांचं मत, मुरूम कमी पडला असं अध्यक्षांचं, आणि पुढच्या मृगाला दोन वाफे मुरमात करून बघायचं ठरलं आहे.